इंटेल की एएमडी? आधी काम सांगा

या सदरासाठी दरवर्षी विषय शोधावा लागतो. यंदा विषयच घर शोधत आला. विंडोज १० ला मायक्रोसॉफ्टकडून मिळणारा आधार १४ ऑक्टोबर २०२५ ला संपणार, हे जसजसं लोकांच्या लक्षात यायला लागलं, तसतसे गॉलवेतल्या आपल्या मंडळींचे फोन वाढले. गणपतीत आरतीनंतर प्रसादाच्या रांगेतसुद्धा तोच प्रश्न होता, "नवा डेस्कटॉप जोडायचाय. इंटेल घेऊ की एएमडी?"

मी उलट विचारते, "त्यावर करणार काय?" हे कुणाला आवडत नाही. सगळ्यांना एक नाव हवं असतं. पण आपल्यातल्या डॉक्टर मंडळींना कुणी "क्रोसिन घेऊ की ब्रुफेन?" असं विचारलं, तर तेही आधी "होतंय काय?" हेच विचारतात ना? प्रोसेसरचंही तसंच आहे. म्हणून यंदा सगळ्यांना एकत्रच सांगते.

आधी एक गोष्ट, जी ऐकून काहींचे पैसे वाचतील. विंडोज ११ साठी, मोजके अपवाद सोडता, इंटेलचा आठव्या पिढीचा किंवा एएमडीचा रायझन २००० मालिकेपासून पुढचा प्रोसेसर लागतो, म्हणजे साधारण २०१७-१८ नंतरचा. सोबत टीपीएम २.० ही सुरक्षेची सोय लागते. ती बऱ्याच यंत्रांत असते, पण बायॉसमध्ये बंद करून ठेवलेली असते. ती चालू केली की काम झालं. आणि ज्यांचं यंत्र खरोखरच जुनं आहे, त्यांनाही लगेच धावपळ करायचं कारण नाही. आपण युरोपीय आर्थिक क्षेत्रात राहतो, त्यामुळे मायक्रोसॉफ्ट खात्यातून नोंदणी केली की विंडोज १० ला सुरक्षेची अपडेट ऑक्टोबर २०२६ पर्यंत फुकट मिळतात. नुसतं ईमेल, बँक आणि आजी-आजोबांशी व्हिडिओ कॉल एवढंच असेल, तर एक एसएसडी टाका आणि तोवर निवांत राहा.

आता ज्यांना खरंच नवं यंत्र जोडायचंय, त्यांच्याकडे वळू.

या प्रश्नावर आपल्याकडे प्रत्येकाचं मत तयार असतं, आणि ते बहुतेक वेळा भारतातून सामानाबरोबर आलेलं असतं. मुंबईत लॅमिंग्टन रोडवर किंवा आपापल्या गावच्या असेंबलवाल्याकडे ज्यांनी पहिला कंप्युटर जोडून घेतला, त्यांनी दोन वाक्यं हमखास ऐकलेली आहेत. एक, "एएमडी गरम होतो." दुसरं, "इंटेल घ्या साहेब, कटकट नाही." ही वाक्यं खोटी नव्हती, फक्त ती त्या काळच्या चिपबद्दल होती. एएमडीचे सुरुवातीचे ॲथलॉन खरंच तापायचे, आणि वरचा हीटसिंक निसटला तर काही क्षणांत जळायचे. पण २००४ मध्ये इंटेलचा 'प्रेस्कॉट' पेंटियम ४ आला, तो तापण्यात कुणाला हार जाणारा नव्हता. २०११ मधली एएमडीची बुलडोझर चिप गरमही होती आणि मंदही. मग २०१७ मध्ये रायझन आला आणि पारडं फिरलं. आजच्या घडीला इंटेलचा आय-९ १४९००के पूर्ण जोरात २५३ वॉटपर्यंत वीज ओढतो. चिपची पिढी दर दोन-तीन वर्षांनी बदलते. आपलं मत मात्र एकदा बनलं की वीस वर्षं टिकतं.

दुसरी भीती अशी, की "एएमडीवर सगळी सॉफ्टवेअर चालतील ना?" याचं उत्तर थोड्या इतिहासात आहे. आयबीएमनं १९८१ मध्ये आपला पीसी काढला, तेव्हा त्यात इंटेलची ८०८८ ही चिप होती. पण महत्त्वाच्या भागासाठी एकाच पुरवठादारावर अवलंबून राहायला आयबीएम तयार नव्हती. दुसरीकडूनही तोच माल मिळाला पाहिजे, असा तिचा आग्रह होता. त्यातून १९८२ मध्ये इंटेल आणि एएमडी यांच्यात करार झाला आणि एएमडी इंटेलच्याच रचनेच्या चिप बनवू लागली. पुढे ३८६ च्या वेळी बिनसलं, वर्षानुवर्षं कोर्टकज्जे झाले, आणि १९९१ मध्ये एएमडीनं स्वतःचा ३८६ बाजारात आणला. २००३ मध्ये उलटं झालं. आज आपण वापरतो ती ६४ बिटची पद्धत आधी एएमडीनं आणली, आणि पुढच्याच वर्षी इंटेलनं ती स्वीकारली. म्हणजे एएमडीच्या पोटात इंटेलची जुनी भाषा आहे आणि इंटेलच्या पोटात एएमडीची ६४ बिटची भर आहे. विंडोजवर चालणारं एखादं सॉफ्टवेअर एकावर चालतं आणि दुसऱ्यावर नाही, असं घरच्या वापरात जवळजवळ होत नाही.

या भांडणात एक पुण्याचा धागाही आहे. 'पेंटियमचे जनक' म्हणून ज्यांचं नाव घेतात, त्या विनोद धाम यांचा जन्म पुण्याचा. १९७९ मध्ये ते इंटेलमध्ये गेले, १९९३ मध्ये पेंटियम आला. १९९५ मध्ये त्यांनी इंटेल सोडली आणि नेक्सजेन नावाच्या छोट्या कंपनीत गेले. ती कंपनी १९९६ मध्ये एएमडीनं विकत घेतली आणि तिच्याच रचनेवरून १९९७ मध्ये एएमडीचा के-६ आला, थेट पेंटियमशी टक्कर द्यायला. २०२५ मध्ये त्यांना पद्मभूषण जाहीर झालं. त्यांनी स्वतः दोन्ही घरांत संसार केला. आपण मात्र एकाच घराची शपथ घेऊन बसतो.

आणि एक धागा आपल्या गॉलवेचा. आज बॅलीब्रिटमध्ये ह्युलेट पॅकार्ड एंटरप्राइझचं ऑफिस आहे, त्याची मुळं डिजिटल इक्विपमेंट कॉर्पोरेशन या कंपनीत आहेत. 'डिजिटल'नं १९७१ मध्ये गॉलवेत कारखाना काढला. इंटेलची पहिली मायक्रोप्रोसेसर चिप ४००४ आली, तेही १९७१ च. त्या काळात गॉलवेत मिनिकंप्युटर तयार होत होते. १९९३ मध्ये इथलं यंत्रांचं उत्पादन बंद झालं आणि सुमारे ७८० लोकांची नोकरी गेली. सॉफ्टवेअरचं काम तेवढं राहिलं. मोठ्या, खोलीभर यंत्रांचा धंदा ज्या स्वस्त चिपांनी खाल्ला, त्यांत इंटेलचा वाटा सर्वांत मोठा. पण 'डिजिटल'चं ज्ञान वाया गेलं नाही. तिची अल्फा चिप रचणाऱ्यांपैकी डर्क मायर एएमडीत गेले आणि त्यांनी १९९९ च्या ॲथलॉनचं काम पुढे नेलं. त्या ॲथलॉननं मदरबोर्डशी बोलण्याची पद्धतही अल्फाकडूनच घेतली होती. मार्च २००० मध्ये १ गिगाहर्ट्झचा टप्पा एएमडीनं इंटेलच्या दोन दिवस आधी गाठला. गॉलवेकरांना एएमडी परकी वाटायचं तसं काही कारण नाही.

हे मुद्दाम सांगतेय, कारण आयर्लंडमध्ये हा प्रश्न नुसता वेगाचा राहत नाही. लेक्सलिपला १९८९ पासून इंटेल आहे. किल्डेअरमधल्या कितीतरी घरांची चूल तिच्यावर चालते, त्यात आपली मराठी घरंही आहेत. "आपल्या देशात बनतो तो घ्यावा" ही भावना मला मनापासून पटते. म्हणून ती नीट तपासून पाहिली. लेक्सलिपची फॅब ३४ सप्टेंबर २०२३ मध्ये सुरू झाली, १७ अब्ज युरोंची गुंतवणूक. तिथं इंटेल ४ आणि इंटेल ३ या पद्धतींनी चिप बनतात. त्या मुख्यतः लॅपटॉपच्या कोअर अल्ट्रा पहिल्या मालिकेत आणि सर्व्हरच्या झिऑन ६ मध्ये जातात. डेस्कटॉपसाठी ऑक्टोबर २०२४ मध्ये जी कोअर अल्ट्रा २०० मालिका आली, तिचा मुख्य गणन करणारा तुकडा तैवानच्या टीएसएमसीनं बनवलेला आहे. आणि एएमडीचे रायझन? त्यांचे गणनाचे तुकडेही टीएसएमसीच बनवते. म्हणजे दुकानातून डेस्कटॉपसाठी या दोघांपैकी कुठलाही नवा डबा उचला, त्याचा मेंदू तैवानहून आलेला असणार. लेक्सलिपच्या आपल्या माणसांबद्दलची माया त्या डब्यात शोधू नये. ती दिवाळीच्या फराळाच्या डब्यात पोचवावी.

नाव आणि माहेर बाजूला ठेवलं की खरे प्रश्न चारच उरतात. काम कुठलं, एकूण पैसे किती, यंत्र किती वर्षं वापरणार, आणि पुढे वाढवणार का. ते कसे लावायचे, हे आपल्याच मंडळातल्या घरांवरून सांगते. नावं सांगत नाही, ओळखणारे ओळखतीलच.

पहिलं घर आपल्या कार्यक्रमांचं चित्रीकरण करणाऱ्यांचं. त्यांचा कॅमेरा १० बिट, ४:२:२ या प्रकारात चित्रण करतो. त्यात रंग जास्त टिकतात, पण फाइल उलगडायला जड जाते. इंटेलच्या प्रोसेसरमध्ये अंगचा ग्राफिक्स भाग असतो आणि त्यात क्विक सिंक नावाची सोय असते. ती अकराव्या पिढीपासून हा प्रकार सहज उलगडते. रायझनच्या अंगच्या ग्राफिक्सला ते जमत नाही. त्यांना मी डोळे झाकून इंटेल सांगितला. फक्त एक अट घातली. नावाच्या शेवटी 'एफ' असलेला प्रोसेसर घ्यायचा नाही. 'एफ' म्हणजे अंगचा ग्राफिक्स भाग बंद. दहा-वीस युरो वाचवायला जाल आणि ज्यासाठी इंटेल घेतला तेच हरवून बसाल.

दुसरं घर खेळणाऱ्या मुलाचं. त्याला फक्त गेम दिसतात, आणि त्यात काही गैर नाही. एएमडीच्या 'एक्स ३डी' प्रकारात प्रोसेसरला कॅश मेमरीचा जादा थर दिलेला असतो. रायझन ७ ९८००एक्स३डी मध्ये तिसऱ्या पातळीची कॅश ९६ मेगाबाइट आहे. बऱ्याच गेममध्ये त्याचा फरक दिसतो, आणि खेळापुरतं बोलायचं तर आज एएमडी पुढे आहे. पण त्याच्या आईबाबांना मी सांगितलं, की महागडा प्रोसेसर आणि हलकं ग्राफिक्स कार्ड ही जोडी म्हणजे चांदीच्या ताटात शिळी पोळी. खेळाच्या यंत्रात सगळ्यात मोठा वाटा ग्राफिक्स कार्डाचा असायला हवा. प्रोसेसर मधला चालतो.

तिसरं घर आमचंच. लेक यंदा गॉलवे विद्यापीठात इंजिनियरिंगच्या पहिल्या वर्षाला गेली. उन्हाळाभर सॉल्टहिलच्या एका दुकानात उभं राहून तिनं ९०० युरो साठवले. त्यात आम्ही काही घालायचं नाही, असं तिनंच ठरवलं होतं. त्यामुळे प्रत्येक युरो तिच्या पायांच्या दुखण्याचा होता आणि निवडीत कुणाची लुडबूड तिला नको होती. अप्पांनी, म्हणजे माझ्या सासऱ्यांनी, पुण्याहून फोनवर तरीही केलीच. ते बँकेत होते, त्यांच्या शाखेत पहिला पेंटियम आला तेव्हा त्याची पूजा झाली होती.

"बाळा, इंटेलच घे. त्यावर आमची अख्खी बँक चालायची."

"अप्पा, तुमच्या बँकेला ड्रॉइंग काढायचं नव्हतं," ती म्हणाली.

त्यावर अप्पा हसले, आणि मग कागद-पेन घेऊन बसले. दोघांनी मिळून बेरीज-वजाबाकी केली, ती अशी. तिचं काम त्रिमितीय ड्रॉइंगचं. त्यातला बराचसा भाग एका वेळी एकाच कोअरवर चालतो, त्यामुळे चोवीस कोअर घेऊन बावीस बसवून ठेवण्यात अर्थ नाही. सहा चांगले कोअर पुरे. दुसरं, मेमरी ३२ गिगाबाइट हवीच, तिथं काटकसर नको. तिसरं, यंत्र निदान चार वर्षं चालायला हवं आणि मधे एकदा प्रोसेसर बदलता यायला हवा. इथं निवड स्पष्ट झाली. प्रोसेसर ज्या खाचेत बसतो तिला सॉकेट म्हणतात. इंटेलनं २०१५ पासून डेस्कटॉपसाठी चार सॉकेट बदलले: ११५१, १२००, १७०० आणि १८५१. एकदा सॉकेट बदलला की मदरबोर्डही बदलावा लागतो. एएमडीचा एएम-४ हा सॉकेट २०१६ चा, आणि त्याच्यासाठी २०२४ मध्येही नवे प्रोसेसर आले. आताचा एएम-५ २०२७ आणि त्यापुढेही चालवू, असं एएमडीनं जाहीर केलं आहे. जिला एकदम सगळे पैसे घालता येत नाहीत, पण दोन-तीन वर्षांनी थोडे घालता येतील, तिच्यासाठी हा मुद्दा वेगापेक्षा मोठा आहे.

विजेचाही हिशोब झाला. इंटेलचा आय-५ १४६००के पूर्ण जोरात १८१ वॉटपर्यंत जातो, रायझन ५ ७६०० साधारण ८८ पर्यंत. तेवढ्या विजेत इंटेल कामही जास्त उरकतो, कारण त्याला कोअर जास्त आहेत. पण फरक ९० वॉटचा धरला, रोज ३ तास, वर्षाला २५० दिवस पूर्ण जोरात चालवलं, आणि युनिटला ३५ सेंट धरले, तर वर्षाला साडेसदुसष्ट युनिट, म्हणजे सुमारे २४ युरो. उलट यंत्र नुसतं उघडं ठेवलं, तर इंटेल थोडी कमीच वीज खातो. अप्पांनी निकाल दिला, "विजेवरून ठरवू नका, खोलीतनं बाहेर जाताना बंद करा."

शेवटी लेकीनं रायझन ५ ७६०० घेतला. तो दोनशे युरोंच्या आत मिळाला, डब्यात पंखाही होता आणि त्याला अंगचा छोटा ग्राफिक्स भाग आहे, त्यामुळे ग्राफिक्स कार्ड पुढच्या उन्हाळ्याच्या पगारावर ढकलता आलं. मदरबोर्ड, मेमरी, १ टेराबाइट एसएसडी, कॅबिनेट, ६५० वॉटचा पॉवर सप्लाय आणि साधा मॉनिटर धरून ९०० च्या आत जमलं. हेच पैसे एखाद्या झगझगीत प्रोसेसरवर घातले असते, तर मेमरी अर्धी आली असती आणि ड्रॉइंग उघडताना ती आजही वाट बघत बसली असती.

आता काही सूचना, दोन्ही कंपन्यांच्या गिऱ्हाइकांसाठी.

जुना प्रोसेसर घेत असाल तर पिढी नीट विचारा. इंटेलच्या तेराव्या आणि चौदाव्या पिढीच्या, ६५ वॉट आणि त्यावरच्या डेस्कटॉप चिपांमध्ये जास्त व्होल्टेजमुळे अस्थिरता येत होती. कंपनीनं २०२४ मध्ये ते मान्य केलं, दुरुस्ती काढली आणि वॉरंटी दोन वर्षांनी वाढवली. ती दुरुस्ती बायॉस अपडेट केल्यावरच लागू होते आणि आधी झालेली झीज त्यानं भरून निघत नाही. म्हणून नवा घेतलात तर पहिल्या दिवशी बायॉस अपडेट करा, आणि दुसऱ्याकडून वापरलेला घेताना बिल मागून घ्या.

एएमडीच्या जुन्या एएम-४ प्रोसेसरच्या पिना प्रोसेसरच्याच पोटाला असतात. उचलताना एक वाकली तर डोकेदुखी. एएम-५ आणि इंटेलमध्ये पिना मदरबोर्डच्या खाचेत असतात, त्यामुळे तिथं खाचेवर बोट लागू देऊ नका. रायझन ५००० मालिकेत नावात 'जी' नसेल तर अंगचा ग्राफिक्स भाग नसतो, वेगळं कार्ड लागतं. थर्मल पेस्ट वाटाण्याएवढी पुरे, थालीपिठासारखी थापायची नाही.

आणि भारतातून किंवा अमेरिकेतून येणाऱ्या भाच्याच्या बॅगेत प्रोसेसर मागवू नका. इथं २३ टक्के व्हॅट लागतो हे खरं, पण इथल्या दुकानातून घेतलेल्या वस्तूमागे इथला ग्राहक कायदा उभा असतो. भाच्यामागे कुणी उभं नसतं.

राहता राहिला निष्ठेचा प्रश्न. २०१७ च्या आधी काही वर्षं एएमडी मागे पडली होती, आणि त्या काळात घरगुती डेस्कटॉपसाठी इंटेलनं वर्षानुवर्षं चारच कोअर दिले. रायझन आल्यावर त्याच वर्षी इंटेलचे सहा कोअर निघाले. २०२५ मध्ये इंटेल अडचणीत होती, लेक्सलिपलाही त्या वर्षी कपातीच्या बातम्या आल्या. एएमडीच्या गिऱ्हाइकांनी त्यावर खूश होऊ नये. समोर कुणी उरलं नाही तर एएमडीही तेच करील. आयबीएमला १९८१ मध्ये जे कळलं होतं, तेच आपल्याला लक्षात ठेवायचंय: दुकानं दोन हवीत. त्यामुळे यंदा एएमडी घेतलात तरी पुढच्या वेळी इंटेलचं दार उघडं ठेवा, आणि यंदा इंटेल घेतलात तर तसंच उलट.

लेकीनं यंत्र स्वयंपाकघराच्या टेबलावर स्वतः जोडलं. ती चार वर्षांनी पदवी घेईल तेव्हा कोण पुढे असेल, हे आज कुणी सांगू शकणार नाही. तोवर तुमच्यापैकी ज्यांना फोन करायचाय त्यांनी जरूर करा. फक्त नाव विचारण्याआधी काम सांगा.